जामीन मंजूर झाला, तरी माणूस आतच: आरोपीला न्याय मिळतो का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुमचा बालमित्र हर्णै बाजूच्या एका मच्छीमार बोटीवर खलाशी. मालकाच्याच बोटीवरचा फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे शोधायचं यंत्र) आणि वायरलेस सेट चोरल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. पाच आठवड्यांनी कोर्टाने 25,000 रुपयांचा जामीन मंजूर केला, पण जामीनदार स्थानिक आणि मिळकतवाला हवा अशी अट घातली. त्यालाही तीन आठवडे होऊन गेले आणि तो अजून रत्नागिरीच्या कारागृहातच आहे. त्याच्या वडिलांच्या नावावर स्वतंत्र जमीन नाही. तुम्ही जामीन राहायला तयार आहात, पण मुंबईत राहता म्हणून चालणार नाही, असं तुम्हाला सांगितलं गेलं. गावात बोलतात की त्याने पोलिसांपुढे कबूल केलंय, मग खटला कशाला चालवायचा. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, आपल्याकडे आरोपीला न्याय मिळतो, की फक्त पैसेवाल्या आरोपीला?

मी रत्नागिरी जिल्ह्यात फौजदारी वकिली करते. मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही बरीच वर्षं होते, त्यामुळे बोटीवरचे खलाशी, आंब्याच्या बागेतले नेपाळी राखणदार, चिरेखाणीवरचे कामगार यांची कामं माझ्याकडे खूप आली. कागद पाहिल्याशिवाय तुमच्या मित्राच्या खटल्याचं भाकीत मी करणार नाही. नेमकं कलम कोणतं, आधीचा गुन्हा आहे का, माल कुठून आणि कसा जप्त झाला, दोषारोपपत्र दाखल झालं का, यावर पुष्कळ अवलंबून आहे. त्याने चोरी केली की नाही हे मला माहीत नाही. पण खाली जे लिहितेय ते दोन्ही परिस्थितीत तितकंच लागू आहे.

तुम्ही न्याय म्हणालात तेव्हा तुमच्या मनात बहुधा निकाल असणार. माझा अनुभव असा की निकालाच्या वेळी आपली कोर्टं आरोपीच्या बाबतीत बऱ्यापैकी काटेकोर असतात. शंकेचा फायदा खरोखर दिला जातो. पंच फितूर झाला, जप्तीत खोट निघाली, की चोरीच्या खटल्यात मॅजिस्ट्रेट निर्दोष सोडतात. आरोपी फाटका आहे म्हणून पुराव्याचं माप बदललेलं मी क्वचितच पाहिलं. अन्याय होतो तो त्याच्या फार आधी. अटकेनंतरचे पहिले 24 तास, पहिला रिमांड, आणि जामिनाचा हुकूम झाल्यापासून माणूस तुरुंगाच्या दाराबाहेर पडेपर्यंतचा काळ, या तीन जागी. तिथे कायद्यात गरिबासाठी चांगल्या तरतुदी आहेत, पण त्या आपणहून त्याच्यापर्यंत येत नाहीत. कुणीतरी उभं राहून, लेखी अर्ज देऊन त्या मागाव्या लागतात. पैसेवाल्याचा वकील पहिल्या तासात पोलीस ठाण्यात हजर असतो. गरिबाच्या घरचे वकील शोधायला लागतात तोवर रिमांड होऊन गेलेला असतो.

हे फक्त तुमच्या मित्राचं दुखणं नाही. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसं होती आणि त्यातली सुमारे 4 लाख 34 हजार कच्चे कैदी होती. म्हणजे दर चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता.

आता तातडीचं काम, म्हणजे जामीनदार.

"बाहेरच्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही" हे वाक्य आपल्याकडे कोर्टाच्या आवारात इतक्या सहज उच्चारलं जातं की लोकांना तो कायदाच वाटतो. तसा कायदा नाही. 1978 साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला होता. मोतीराम गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, पण खालच्या मॅजिस्ट्रेटने 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते सपशेल चुकीचं ठरवलं. जामीनदार किंवा त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे एवढ्याच कारणावरून त्याला नाकारता येत नाही, असं सांगून त्यांनी मोतीरामला 1,000 रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. या निकालाला इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यासारखी माणसं आजही मुंबईहून रजा काढून येतात आणि हात हलवत परत जातात. मला याचा संताप येतो, कारण इथे कुणी नवा कायदा करायची गरज नाही. असलेला निकाल अर्जाला जोडायचा आहे.

दुसरा आधार आणखी जवळचा. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही आत राहणाऱ्यांसाठी ठोस निर्देश दिले. जामिनाच्या हुकमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृहाकडे जायला हवी. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करता येते का ते पाहायचं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे, तेव्हा ही अट कोर्टांनी घालू नये, असंही त्यात म्हटलं आहे. तुमच्या मित्राचे तीन आठवडे झालेत. म्हणजे प्राधिकरणाच्या सचिवांना त्याचं नाव एव्हाना माहीत असायला हवं. नसेल तर तुम्ही कळवा. साध्या कागदावर नाव, गुन्हा क्रमांक, कोर्ट, जामिनाच्या हुकमाची तारीख आणि "जामीनदार न मिळाल्याने सुटका झालेली नाही" एवढं लिहून पत्र द्या आणि पोच घ्या.

त्याबरोबर ज्या कोर्टाने जामीन दिला त्याच कोर्टात अट शिथिल करण्याचा अर्ज करायचा. त्यात नुसतं "आरोपी गरीब आहे" लिहून भागत नाही. कोकणात गरिबीचं रूप वेगळं असतं, ते कोर्टाला उलगडून सांगावं लागतं. घाटावरच्या माणसाला वाटतं, घर आहे, आंब्याची चार कलमं आहेत, मग मिळकत नाही कशी? पण आपल्याकडचा सातबारा काढून बघा. पणजोबांच्या वेळेपासून वाटप नाही, वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मयत, वारस नोंद झालेली नाही, उरलेले मुंबईला. अशा सामाईक सातबाऱ्यावर एकट्याचा हिस्सा किती, हे तलाठीसुद्धा सांगू शकत नाही. मग शिरस्तेदार, म्हणजे कोर्टातला कागद तपासणारा कर्मचारी, ते परत करतो. म्हणून अर्जाला तो सातबारा जोडाच आणि लिहा की कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या गावात आहे, आरोपी पळून जाणारा नाही, फक्त जमीन स्वतंत्र नावावर नाही. पोलीस पाटलांचा रहिवासाचा दाखला, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती जोडा. जामिनाची रक्कम अवाजवी नसावी असं कायदाच सांगतो. तेव्हा खलाशाला हंगामात काय मिळतं आणि पावसाळी मासेमारी बंदीत काहीच मिळत नाही, हेही स्पष्ट लिहा.

पर्याय एकाहून जास्त मागा, म्हणजे कोर्टाला निवड करता येते. जिल्ह्याबाहेरचा जामीनदार म्हणून तुम्ही, सोबत तुमची पगारपत्रकं आणि ओळखपत्र. ते जमत नसेल तर कमी रकमेचे दोन जामीनदार. तेही नसेल तर तूर्तास रोख रक्कम भरून सुटका आणि जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत. आपल्या कोर्टांत ही पद्धत रुळलेली आहे, फक्त अर्जात मागायला हवी. कायम नोकरीतले शिक्षक किंवा जिल्हा परिषदेचे कर्मचारी पगारपत्रकावर जामीन राहू शकतात, हे बऱ्याच कुटुंबांना ठाऊक नसतं. शिवाय केंद्र सरकारची 2023 पासूनची गरीब कैद्यांसाठीची मदत योजना आहे. पैशाअभावी जामीन अडलेल्या कच्च्या कैद्यासाठी जिल्ह्याची समिती ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मंजूर करू शकते; 2023 च्या मूळ नियमांत ती 40,000 रुपये होती. अमली पदार्थ, दहशतवाद असे काही गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, साधी चोरी नाही. ही मदतही विधी सेवा प्राधिकरणामार्फतच मागा.

मॅजिस्ट्रेटनी अर्ज फेटाळला तर सत्र न्यायालय आहे, तुमच्या भागासाठी खेडला. त्यावर उच्च न्यायालय. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची कामं कोल्हापूरच्या बेंचपुढे जातात. पण इतक्या साध्या कामाला तिथवर जावं लागू नये आणि सहसा लागत नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. कोर्टाबाहेर कुणी तरी भेटेल आणि म्हणेल, चार-पाच हजार द्या, जामीनदार मी उभा करतो. हे भाड्याचे जामीनदार खोटा किंवा दहा ठिकाणी वापरलेला सातबारा घेऊन येतात. पडताळणीत ते सापडलं की जामीन रद्द होतो आणि चोरीच्या जोडीला बनावट कागदपत्रांचा गुन्हा लागतो. घरच्यांची घाई मला समजते. पण त्या घाईत एका आरोपीचे तीन आरोपी झालेली घरं मी पाहिली आहेत.

तुम्ही स्वतः जामीन राहणार असाल तर त्याचा अर्थही समजून घ्या. मित्र तारखेला आला नाही तर बाँडची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. आणि खलाशाच्या बाबतीत हा धोका खरा आहे, त्याची नियत चांगली असली तरी. बोट आठ-दहा दिवसांसाठी बाहेर जाते, मधे तारीख येते, फोन लागत नाही आणि गैरहजर म्हणून अजामीनपात्र वॉरंट निघतं. त्यामुळे पुन्हा कामावर जायच्या आधी पुढच्या तारखा त्याने तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, सांगून ठेवाव्यात. यायला जमणारच नसेल तर वकिलामार्फत आदल्या दिवशीच हजेरी माफीचा अर्ज तयार ठेवावा. खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक लिहून घ्या. त्यावरून ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख मुंबईत बसूनही दिसते.

आता गावातल्या बोलण्याकडे येते, म्हणजे "कबूल केलंय म्हणे."

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. इंग्रजांच्या काळातल्या पुरावा कायद्यात हे होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कलम 23 मध्ये कायम आहे. कारण उघड आहे. कोठडीत माणूस एकटा असतो, बाहेर काय चाललंय ते त्याला कळत नाही आणि मार चुकवण्यासाठी तो न केलेलंही कबूल करतो. राज्यघटनेच्या कलम 20(3) नुसार कुणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही.

मात्र याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि चोरीच्या खटल्यांचा सगळा भार त्यावरच असतो. आरोपीने "लपवलेली जागा दाखवतो" असं सांगितलं आणि तिथून खरोखर माल निघाला, तर त्या शोधाशी थेट संबंधित तेवढंच विधान पुराव्यात येतं. म्हणून मी पहिल्यांदा मेमोरंडम पंचनामा, म्हणजे आरोपीचं ते विधान पंचांसमोर लिहून घेतलेला कागद, वाचते. माल कुठे मिळाला? ती जागा कुलूपबंद होती की जेट्टीवरची जाळी ठेवायची उघडी शेड, जिथे कुणीही येऊन काहीही ठेवू शकतं? पोलिसांना ती जागा आधीच माहीत होती का? पंच कोण? ठाण्यासमोरचा तोच हॉटेलवाला, जो दर दुसऱ्या पंचनाम्यात असतो? जप्त केलेला फिशफाइंडर मालकाचाच आहे हे अनुक्रमांकावरून पटवलं का, की "हाच तो" एवढंच? आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने एक चांगली गोष्ट केली आहे: झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक केलं. त्याची प्रत तुमच्या वकिलांना दोषारोपपत्रासोबत मागायला सांगा. चित्रीकरण झालेलंच नसेल, तर तो उलटतपासणीतला मोठा मुद्दा आहे.

तुमच्या मित्राच्या बाबतीत पहिल्या दिवसाची वेळ निघून गेली, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी उद्या तशी वेळ येऊ शकते, म्हणून तेही लिहिते. मालकाच्या मालाची नोकराने केलेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 306 मध्ये येते, जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, आधी चौकशीला हजर राहण्याची नोटीस द्यायची, आणि अटक केलीच तर ती का गरजेची होती हे लिहून दाखवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात 2014 साली बजावलं. मॅजिस्ट्रेटनीही ती कारणं तपासल्याशिवाय रिमांड द्यायचा नाही. तुमच्या मित्राला ही नोटीस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, दिली होती का, हे विचारा. अटकेची कारणं त्याला लेखी, त्याला कळेल अशा भाषेत मिळायला हवी होती, घरच्यांना कळवायला हवं होतं, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायला हवं होतं. आणि पहिल्या हजेरीलाच वकील. 26/11 च्या कसाबच्या खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं की पहिल्यांदा हजर केलेल्या आरोपीला, तुला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, हे सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. ज्या हक्कातून कसाबलाही वगळलं नाही, तो हर्णैच्या खलाशाला मिळालाच पाहिजे.

त्या पहिल्या हजेरीत काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार?" आरोपी मान खाली घालून "नाही साहेब" म्हणतो. तक्रार ज्यांच्याबद्दल असायची ते त्याच्यामागे हातभर अंतरावर उभे असतात, आणि पीसीआर (पोलीस कोठडी) मिळाला तर रात्री त्यांच्याच ताब्यात परत जायचं असतं. मी अशा वेळी कोर्टाला विनंती करते की पोलिसांना दाराबाहेर उभं करून पुन्हा विचारावं. बहुतेक मॅजिस्ट्रेट ऐकतात, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर कधीकधी वेगळं येतं. मग वैद्यकीय तपासणीचा हुकूम होतो, तो रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) येतो, आणि तोच कागद पुढे दोन वर्षांनी कामाला येतो. वकील नसेल तर हे कोण सांगणार?

सगळ्यात जास्त काळजी मला एका वेगळ्याच सल्ल्याची वाटते, आणि तो तुमच्या मित्राला आत कुणीतरी दिलाच असेल. "गुन्हा कबूल करून टाक, जेवढे दिवस आत काढलेस तेवढ्यावर सुटशील." हे खोटं नाही. दोषारोप ठेवताना आरोपीने कबूल केलं तर कोर्ट शिक्षा देऊ शकतं, भोगलेले दिवस त्यातून वजा होतात आणि माणूस लगेच घरी जाऊ शकतो. उलट नाकबूल केलं तर खटला रखडतो. आपल्या किनाऱ्यावर तर रखडण्याची खास कारणं आहेत. साक्षीदार म्हणजे तांडेल आणि बाकीचे खलाशी. जूनला बंदी लागली की कुणी नेपाळला, कुणी कर्नाटकात, कुणी उत्तर प्रदेशात. पुढच्या हंगामात वेगळ्या मालकाकडे, वेगळ्या बंदरात. समन्स "मिळून येत नाही" असा शेरा मारून परत येतं आणि पुढची तारीख पडते. आत बसलेल्या माणसाला मग कबुली हाच सुटकेचा रस्ता वाटतो, त्याने काही केलेलं नसलं तरी.

पण त्या एका "कबूल"ने तो कायमचा शिक्षा झालेला चोर होतो. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ते निघतं, बोटीवर कुणी घेत नाही, आणि पुढे गावात कुठेही काही चोरीला गेलं की पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. म्हणून माझा आग्रह असतो की हा निर्णय तुरुंगाच्या आतून घ्यायचा नाही. आधी बाहेर या, चार दिवस घरचं जेवा, कागद वाचा, मग ठरवा. त्याने खरोखर चोरी केली असेल तर कमी शिक्षेसाठीची तडजोडीची तरतूद आहे, पहिल्या गुन्ह्यासाठी 1958 चा परिविक्षा कायदा आहे, ज्यात शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडता येतं. केलेला गुन्हा विचार करून कबूल करणं आणि दोन महिन्यांच्या कोंडमाऱ्यातून कबूल म्हणणं, या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही जामिनासाठी करताय ती धावपळ म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. खटला लढायचा की नाही, हे ठरवायची मोकळीक त्याला त्यातूनच मिळेल.

वकिलाबद्दल थोडं. तुरुंगात असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक. मोफत वकील म्हणजे कामचुकार, असं लोक धरून चालतात. पॅनेलवर चांगले वकील आहेत आणि दुर्लक्ष करणारेही आहेत, जसे खासगीत आहेत. फरक ओळखायचा तर दोन गोष्टी बघा. वकिलाने आरोपीला स्वतः भेटून, किंवा निदान व्हिडिओवर, त्याची बाजू विचारली का? आणि दोषारोपपत्राची पूर्ण प्रत, जी आरोपीला फुकट मिळते, ती त्यांनी वाचली आहे का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर प्राधिकरणाकडे वकील बदलून मागा. हल्ली बऱ्याच तारखा तुरुंगातून व्हिडिओवर होतात, पडद्यावर अर्धा मिनिट दिसून आरोपी परत बराकीत. आज काय झालं हे त्याला कळतसुद्धा नाही. तारखेनंतर त्याला सांगणारं कुणीतरी हवं. वकील सांगत नसतील तर तुम्ही ई-मुलाकातीतून (कैद्याशी व्हिडिओवरच्या भेटीतून) सांगा.

आणि गाव. तुम्ही लिहिलंय की त्याच्या आईला पाणवठ्यावर बोलणी बसतात आणि गावकीच्या बैठकीला वडिलांना बोलावलं नाही. अटकेच्या दुसऱ्या दिवशी पेपरात "अट्टल चोरटा गजाआड" म्हणून पोलिसांच्या मधोमध उभ्या केलेल्या माणसाचा फोटो येतो. तोच माणूस तीन वर्षांनी निर्दोष सुटला तर ती बातमी मी छापून आलेली क्वचितच वाचली आहे. गावातली वडीलधारी मंडळी मला थेट विचारतात, "त्यानं केलान् का नाय तेवढं सांगा, बाकी कायदा र्‍हाऊ दे." मी त्यांना सांगते, ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही, म्हणून तर कोर्ट आहे. तोपर्यंत त्याच्या आई-वडिलांचा यात काय दोष? गावकीने कुटुंबाला वाळीत टाकलं, देवळात किंवा कार्यात मज्जाव केला, तर महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. पोलिसांत जाण्याआधी गावातल्या एखाद्या समंजस माणसाकरवी ही गोष्ट बैठकीत बोलून दाखवा. गावातल्या गावात मिटलं तर कुटुंबाला पुढे राहायला सोपं जातं. नाही मिटलं तर मात्र तक्रार करायला कचरू नका.

तुमचे काका म्हणतात, "सगळे हक्क चोराला, मग बोटमालकाचं काय?" त्यांचा प्रश्न मी टाळणार नाही. फिशफाइंडर आणि वायरलेस गेला म्हणजे त्या मालकाचे हंगामातले दिवस बुडाले, वर नवीन संच घ्यायचा खर्च. त्यालाही हक्क आहेत. फिर्यादीची प्रत त्याला फुकट मिळते, तपास कुठवर आला हे पोलिसांनी त्याला 90 दिवसांत कळवायचं असतं, जप्त झालेला माल खटला संपायची वाट न बघता बाँडवर परत मागता येतो. हे शेवटचं त्याला अवश्य सांगा, कित्येक मालकांची यंत्रं मुद्देमालाच्या खोलीत गंजून जातात. तुमचा मित्र जामिनावर सुटला म्हणून मालकाचा यातला एकही हक्क कमी होत नाही. आणि मित्र चोर नसेल, तर खरा चोर त्याच बंदरात फिरतोय. ते शोधणं मालकाच्याही फायद्याचं आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: गरीब आरोपीला न्याय मिळू शकतो, मी मिळालेला पाहिला आहे, पण ज्याच्यामागे कुणी हेलपाटे घालणारं नव्हतं अशा माणसाला तो वेळेत मिळालेला फार कमी वेळा पाहिला. तुमच्या मित्रामागे तुम्ही आहात. सोमवारी सुट्टी मिळत असेल तर सकाळी अकराच्या आत कोर्टात पोचा, स्वतःचं आधार, ओळखपत्र, तीन महिन्यांची पगारपत्रकं, दोन फोटो आणि मित्राच्या घरचा सामाईक सातबारा सोबत घ्या. हुकूम झालाच, तर सुटकेचा आदेश कारागृहाला ईमेल झाल्याची खात्री लिपिकाकडून करून घ्या. संध्याकाळी कैद्यांना बराकीत बंद केल्यानंतर पोचलेल्या आदेशावर माणूस दुसऱ्या दिवशीच सुटतो, आणि मधे रविवार आला तर आणखी लांबतं. कलम आणि दोषारोपपत्राची तारीख कळली की इथेच लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.